गावच्या हायस्कूलचा इतिहास लिहायचाय, कुणाचा लिहायचा?

माळरान
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या हायस्कूलचा अमृतमहोत्सव आलाय आणि स्मरणिकेचं काम माझ्याकडं आणि अजून दोघातिघांकडं दिलंय. परवा पहिली मीटिंग झाली. त्यात जे ठरलं ते असं: पहिली काही पानं मान्यवरांचे शुभेच्छा संदेश, मग आजपर्यंतच्या अध्यक्ष-सेक्रेटरींचे फोटो, मग मुख्याध्यापकांचे फोटो, गुणवंतांची यादी, आणि मग जाहिराती. इतिहासाला दोन पानं, ती पण "शाळेचे लावलेले रोपटे आज वटवृक्ष झाले आहे" छापाची.

मला हे पटत नाहीये. आमचं हायस्कूल मारुतीच्या देवळाच्या ओवरीत सुरू झालं, आठवीचा एकच वर्ग. बसायला पोती पोरं घरून आणायची. जमीन एका विधवा बाईंनी दिली, दगड गावातल्या बैलगाड्यांनी ओढ्याच्या खाणीतून आणला, ज्याच्याकडं गाडी नव्हती त्यानं अंगमेहनत केली, आणि सुगीच्या दिवसात बायकांनी पायली-अधोली जे जमेल ते धान्य दिलं. माझ्या आजीनं दिलेलं आहे, म्हणून मला माहीत तरी आहे. या कुणाचंही नाव शाळेत कुठंही नाही. कोनशिलेवर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं आहे.

तर माझं म्हणणं असंय की स्मरणिकेत देणाऱ्यांची आणि राबणाऱ्यांची नावं आधी यावीत, फोटोवाले मागून. पण ही माहिती गोळा कशी करायची? तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? तुमच्या हायस्कूलचे अनुभव पण लिहा, त्यातनंच काही सुचेल.

तिसरीघंटा
आधी जाहिराती गोळा करा माळरान. जाहिराती भरल्या की इतिहास कुणीही छापू देतंय :)

पाटाचंपाणी
विषय एकदम जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही लिहिलंय तसं धान्य देणं ही पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच हायस्कूलांची खरी पायाभरणी आहे. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, रयत शिक्षण संस्था काढली ती १९१९ च्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबरला, कराड तालुक्यातल्या काले गावात, सत्यशोधक चळवळीच्या माणसांच्या साथीनं. पुढं १९२४ ला मुक्काम साताऱ्याला हलवला. त्याआधी अण्णा काय करत होते? ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत, किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव फिरत होते. मला नेहमी वाटतं की त्या फिरण्यातनंच त्यांना कळलं असणार की कुठल्या गावात काय आहे आणि काय नाही. नांगर घ्यायला शेतकरी तयार आहे पण पोराला सातवीच्या पुढं शिकवायला जवळपास शाळाच नाही, ही गोष्ट ऑफिसात बसून कळत नाही.

अण्णांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत होती, त्या काळात. १९२७ ला गांधीजी आले, त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. आणि पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आमच्या हायस्कूलात २२ सप्टेंबरला अण्णांच्या जयंतीची मिरवणूक निघायची, लेझीम, झांज, बैलगाडीत फोटो, त्या दिवशी लक्ष्मीबाईंवर बोलताना आमच्या मराठीच्या बाईंचा आवाज दर वर्षी भरून यायचा.

१९४० ला साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, "कमवा आणि शिका" वर चालणारं. पोरं सकाळी शेतात काम करणार, मग वर्गात. पुढं खेडोपाडी जी हायस्कूलं निघाली त्यांचा हाच नमुना. तेव्हा माळरान, तुमच्या आजीचं धान्य हा काही किरकोळ किस्सा नाही, तोच मुख्य इतिहास आहे. पहिल्या पानावर घ्या.

एसटीचीवाट
पाटाचंपाणी +१. बापूजी साळुंख्यांचं पण लिहा कुणीतरी. रयतमध्ये काम केलेला माणूस, १९५४ ला कोल्हापूरला स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, "ज्ञान, विज्ञान आणि सुसंस्कार यांसाठी शिक्षणप्रसार". आमच्या डोंगरी भागात हायस्कूल आलं ते त्यांच्यामुळं. नाहीतर आमचे वडील मॅट्रिकला जाण्यासाठी नदी ओलांडून जायचे आणि पावसाळ्यात तिकडंच नातेवाइकांकडं राहायचे.

खडूफळा
मी निवृत्त शिक्षक, हयात ग्रामीण हायस्कूलात गेली. माळरान, तुम्हाला माहिती कुठं मिळेल ते सांगतो.

शाळेत जा आणि हेडमास्तरांना जनरल रजिस्टर दाखवायला सांगा. प्रत्येक शाळेत असतंच, कायमस्वरूपी जपायचं दप्तर आहे ते, रद्दीत देता येत नाही. पहिलं रजिस्टर कापडी बांधणीचं असेल, कडा वाळवीनं खाल्लेल्या असतील. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कुठल्या इयत्तेत दाखल, शाळा कधी सोडली हे सगळं टाकाच्या शाईनं लिहिलेलं असतं. आणि शेवटाला एक रकाना असतो, "शाळा सोडण्याचे कारण". तो रकाना फक्त वाचत जा. "घरकामासाठी." "परिस्थितीमुळे." "गाव सोडले." "सतत गैरहजर." मुलींच्या नावापुढं कितीदा तरी "लग्न झाले". ७२ च्या दुष्काळाच्या आसपासची पानं मी एकदा एका जुन्या शाळेत सलग वाचली होती, एकामागोमाग एक मुलं सोडून गेलेली, खडी फोडायच्या कामावर. हेडमास्तरांचं अक्षर मात्र तसंच, वळणदार, प्रत्येक ओळीला. गावावर काय गुजरलं ते त्या एका रकान्यात आहे.

दुसरं, शेरेबुक. तपासणीला येणारे साहेब त्यात लिहून जायचे, "वर्गात उजेड कमी", "इंग्रजीचे पाठांतर चांगले", "मुतारीची सोय करावी" असं. तिसरं, स्थानिक स्कूल कमिटीच्या सभांचं प्रोसिडिंग. धान्याच्या आणि वर्गणीच्या नोंदी तिथं किंवा कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, सापडतील. किती पायली जोंधळा जमला आणि काय दरानं विकला, हे लिहिल्याशिवाय जुने लोक रुपया जमा धरत नसत.

शेंगदाणाचटणी
सर जनरल रजिस्टरवरून आठवलं, १ जून!! आमच्या घरात आजोबा, दोन चुलते आणि एक आत्या, चौघांचा वाढदिवस १ जून. मास्तरांनी आजोबांना विचारलं असणार "पोरगा केवढा?" आणि आजोबांनी हात जमिनीपासून एवढा वर करून दाखवला असणार.

तिसरीघंटा
हाहा, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १ जूनला केकचे फोटो टाकून टाकून सगळ्यांचे मोबाईल भरतात.

खडूफळा
शेंगदाणाचटणी, त्यात मास्तरांचा हिशोब सरळ होता. शाळा जूनमध्ये उघडायची, पहिलीला वय पूर्ण भरलं पाहिजे, घरी कुणाला तारीख माहीत नाही. मग १ जून लिहिलं की सगळं बसतं. पोर शाळेत आलं हे महत्त्वाचं. त्या तारखेवर लोक नोकरीला लागले, रिटायर झाले, पेन्शन घेतायत.

गोदाकाठ
चर्चा छान चाललीय पण हे सगळं सातारा-कोल्हापूरचं झालं. आमच्या मराठवाड्याची गोष्ट एकदम वेगळीय ती पण ऐका.

आमच्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. सरकारी शाळेत पुढचं शिक्षण उर्दूतून. माझे आजोबा गणित उर्दूतून शिकले, म्हातारपणी पण पाढे उर्दूत म्हणायचे. मराठीतून शिकवायचं म्हणजे लोकांनी स्वतः शाळा काढायच्या आणि सरकारची नजर चुकवत चालवायच्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, तिथंच पुढं स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले, नंतर अंबाजोगाईला गेले. म्हणजे आमच्याकडं शाळा आणि मुक्तिसंग्राम वेगळे काढताच येत नाहीत, शिकवणारेच जेलमधी गेलेत. १७ सप्टेंबरला आजही झेंडावंदन होतं आमच्या शाळांत, तुमच्याकडं होत नसंल.

आणि दुसरी गोष्ट, आमच्याकडं गावचं हायस्कूल म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा परिषदेचं. "जि. प. प्रशाला". दगडी इमारत, लांबलचक व्हरांडा, समोर कडुलिंब. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडं गेल्या. तिथं संस्थाचालकाचे फोटो नाहीत, कारण संस्थाचालकच नाही. त्यामुळं माळरान, तुमची जी अडचण आहे ती आमच्याकडं उलटी आहे. आमच्या शाळेचा इतिहास कुणीच लिहित नाही, सरकारी शाळेचा कशाचा अमृतमहोत्सव म्हणतात. त्या प्रशालेतनं किती पोरं औरंगाबादला बाबासाहेबांच्या मिलिंद कॉलेजात गेली, त्यांच्या घरात शिकलेली पहिलीच पिढी, त्याची यादी कुणाकडं नाही.

पाटाचंपाणी
गोदाकाठ, हे माहीत नव्हतं इतकं. लिहाच तुम्ही सविस्तर वेगळा धागा काढून.

वऱ्हाडीपाऊस
आमच्या विदर्भातली अजून तिसरी तऱ्हा. एकीकडे पंजाबराव देशमुखांची श्री शिवाजी शिक्षण संस्था, अमरावतीची, तिची हायस्कूलं गावोगाव. दुसरीकडे आधी जनपद सभेच्या शाळा होत्या, मध्य प्रांताच्या काळातल्या, त्या मग जिल्हा परिषदेत गेल्या. माझी आजी आताही "जनपदच्या शाळेत होती मी" असंच सांगते.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लिंबाले टांगलेला. शिपाई काका लोखंडी सळईनं असे टोल द्यायचे की दोन कोसावर वावरात बाया म्हणायच्या मधली सुट्टी झाली, भाकर खाऊन घ्या. गावात घड्याळ तेच होतं.

शेवटचाबाक
रुळाचा तुकडा आमच्याकडं पण! आणि सळई लपवून ठेवायचे पोरं, शेवटचा तास बुडवायला. शिपाईमामा मग खिशातनं शिट्टी काढायचे.

रानजाई
सगळं वाचलं. खूप गोड आठवणी आहेत पण मला विचारायचंय, या धाग्यात मुली कुठे आहेत? खडूफळा सरांनी "लग्न झाले" चा उल्लेख केला तेवढाच.

आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा. हायस्कूल पुढच्या मोठ्या गावात. मुलगे सायकलवर किंवा चालत जायचे, मुली बसायच्या घरी. माझ्या वर्गातल्या आम्ही मुली सातवीनंतर पुढे गेलो त्याचं एकमेव कारण एसटी. सकाळची एक गाडी आणि संध्याकाळची एक. ड्रायव्हर काकांना सगळ्यांच्या घरचे ओळखायचे, एखादी मुलगी दिसली नाही तर फाट्यावर दोन मिनिटं थांबायचे आणि कंडक्टर काका हाक मारायचे. मुलींना पास मोफत झाला, अहिल्याबाई होळकर योजनेचा, त्याने किती घरांतला वाद मिटला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "पैसे कुठून आणू" हे कारणच संपलं ना. नंतर मानव विकासच्या निळ्या बस आल्या, सव्वाशे तालुक्यांत, खास मुलींसाठी.

आणि जी गोष्ट कुणी स्मरणिकेत लिहित नाही ती मी लिहिते. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. आम्ही सकाळपासून पाणी प्यायचो नाही. आठवीनंतर महिन्याचे ते चार दिवस शाळा बुडवायचो, आणि हजेरीवर गैरहजेरीचे लाल शेरे. कितीतरी हुशार मुलींची शाळा अशीच हळूहळू सुटली आणि रजिस्टरमध्ये कारण आलं "सतत गैरहजर". मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह कुठल्या साली बांधलं, आणि त्यानंतर मुलींची संख्या किती वाढली, एवढं जरी स्मरणिकेत दिलंत तरी अध्यक्षांच्या फोटोंपेक्षा मोठा इतिहास होईल. मॅट्रिक झालेली पहिली मुलगी कोण, ते पण शोधा. असेल तर अजून तिला भेटता येईल.

माळरान
ताई, हे पक्कं घेतो. पहिली मॅट्रिक मुलगी कोण याचा शोध आजच सुरू करतो. आमच्याकडं अकरावीची मॅट्रिक असतानाच्या काळातली असणार.

एसटीचीवाट
अकरावीची मॅट्रिक १९७५ पर्यंत होती. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅच आणि नव्या दहावीची पहिली बॅच एकदमच बसली. माझा मोठा चुलतभाऊ अकरावीत, धाकटा दहावीत, दोघं एका कंदिलावर अभ्यास करून एकाच वर्षी एसएससी झाले. धाकट्यानं अजून त्याचा टेंभा मिरवणं सोडलं नाही.

निवडुंग
मला थोडं कडू बोलायचंय, चालेल ना?

देवळाच्या ओवरीत शाळा सुरू झाली असं माळरान यांनी लिहिलंय. अभिमानानं लिहिलंय ते समजतं. पण आमच्या वस्तीतली पोरं त्या काळी देवळाच्या ओवरीत बसू शकत होती का? माझ्या वडिलांच्या गावात (गावाचं, शाळेचं नाव सांगत नाही) वर्ग देवळात भरायचा आणि माझे वडील पायरीखाली पोतं टाकून बसायचे. पाणी वरून ओंजळीत. मास्तर वाईट नव्हते, ते गुपचूप वही तपासून द्यायचे, पण तेही गावाला घाबरायचे. वडील शिकले, नोकरीला लागले, आम्हाला शिकवलं, त्या शाळेबद्दल वाईट कधी बोलले नाहीत. पण शाळेच्या कार्यक्रमाला बोलावलं तर जायचे पण नाहीत.

तुमच्या स्मरणिकेत हे येणार आहे का? की लोकवर्गणी, बैलगाड्या, जोंधळा एवढंच?

पाटाचंपाणी
निवडुंग, तुमचं म्हणणं खरं आहे पण अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत असं छापलं तर गावात नको ते वाद उभे राहतील. कार्यक्रम आनंदाचा असतो. सगळ्या गावांत असं नव्हतं, मी वर लिहिलंच आहे की साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळे एकत्र जेवत होते.

निवडुंग
एकत्र जेवत होते म्हणून तर तो इतिहास आहे ना दादा. एकत्र जेवणं नेहमीचं असतं तर गांधी कशाला बघायला आले असते? बाहेर काय होतं ते लिहिल्याशिवाय बोर्डिंगात काय घडलं त्याची किंमत कशी कळणार?

खडूफळा
निवडुंग यांच्या बाजूने मी आहे. कर्मवीरांचा मोठेपणा गुळगुळीत करून सांगितला की तो फोटोला हार घालण्यापुरता उरतो. त्याच्याही आधी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली आणि १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो कशामुळे काढावा लागला? बहुजनांची पोरं शाळेच्या बाहेर होती म्हणूनच. माळरान, माझा सल्ला: ज्यांनी हे भोगलंय त्यांच्याकडे जा, त्यांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्याच शब्दांत छापा. कुणावर आरोप म्हणून नाही.

फक्त एक. जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो. त्याची पानं फोटो काढून जशीच्या तशी छापू नका, ग्रुपवर टाकू नका. तो लोकांचा खाजगी दस्तऐवज आहे, दाखल्यांसाठी आजही लागतो.

माळरान
निवडुंग, आमच्या ओवरीत कोण बसत होतं आणि कोण नव्हतं हे मी घरी कधी विचारलेलं नाही. उद्या खालच्या वस्तीतल्या दोन वयस्कर आजोबांकडं जाणार आहे. ते जे सांगतील ते येईल, कमिटीत मी त्यासाठी भांडेन.

शेंगदाणाचटणी
जरा विषयांतर करू का, गॅदरिंगवर कुणीच बोललं नाही!!

आमच्याकडं गॅदरिंग म्हणजे जत्रेच्या खालोखाल. स्टेज म्हणजे बाकं जोडून वर सतरंज्या, पडदा म्हणजे कुणाच्या तरी आईची नऊवारी, आणि बायकांचं काम पोरांनीच करायचं कारण पोरींना घरून परवानगी नाही. आमच्या नाटकात सूनबाई झालेला पोरगा पुढं पोलीस झाला, आजही गावात आला की म्हातारी माणसं "काय सूनबाई, बरं हाय का" विचारतात आणि तो पण हसून पाया पडतो. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. माझ्या आईनं तो अजून डाळीला वापरलाय.

वऱ्हाडीपाऊस
गॅदरिंगले अख्खं गाव यायचं, शेजारच्या वाडीवरून बैलगाड्या. आमच्या गावात लाईट नव्हती तेव्हा पेट्रोमॅक्स. आणि शेवटी हेडमास्तरांचं भाषण एवढं लांबायचं की पेट्रोमॅक्सले दोनदा पंप मारावा लागे.

सड्यावरून
कोकणातलं पण घ्या. आमच्या हायस्कूलचा पैसा मुंबईचा. गिरणीत काम करणारे चाकरमानी, एकेका खोलीत पंधरा पंधरा जण राहणारे, त्यांनी ग्रामस्थ मंडळ काढलं, पगाराच्या दिवशी वर्गणी, वर्षातून एकदा नाटकाचा प्रयोग मदतीसाठी. त्या पैशातून गावात चिऱ्याची इमारत उभी राहिली. देणाऱ्यातले निम्मे लोक स्वतः चौथी पण शिकलेले नव्हते. गणपतीला गावी आले की आधी शाळेचं काम कुठवर आलं ते बघायला सड्यावर चढायचे.

पण आता जे लिहिणार आहे ते लिहिताना वाईट वाटतं. त्याच शाळेत आता मुलं नाहीत. दहावीचा वर्ग एवढासा. घरं बंद, माणसं मुंबईला नाहीतर पुण्याला. आणि जी मुलं गावात आहेत ती पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला.

खडूफळा
सड्यावरून, हे सगळीकडे चाललंय. आणि त्यात दोष फक्त पालकांचा नाही. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरतं. पट घसरला की पद कमी, पद कमी झालं की गणिताचा शिक्षक इतिहास शिकवणार, मग पालक म्हणणार शिकवत नाहीत, मग पट अजून घसरणार. माझ्या शेवटच्या वर्षांत चित्रकलेचे आणि पीटीचे सर रिटायर झाले, जागा भरल्याच नाहीत. पूर्वी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना आमची मुलं ए ग्रेड आणायची. लिपिक नाही, शिपाई नाही. घंटा मीच द्यायचो.

आणि २००१ नंतर ज्या शाळा "कायम विनाअनुदानित" म्हणून निघाल्या त्यांतल्या शिक्षकांनी तर विनापगार आयुष्य काढलं. "कायम" शब्द २००९ ला काढला, २० टक्के अनुदान मिळायला २०१६ उजाडलं. दिवसा वर्ग आणि सुट्टीत दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारे बीएड झालेले सहकारी मी पाहिलेत. त्यांनीही शाळा बांधलीय, धान्य देणाऱ्यांइतकीच. स्मरणिकेत त्यांना जागा द्या.

तिसरीघंटा
सर, हे वाचून गप्प झालो.

एसटीचीवाट
माजी विद्यार्थ्यांनी काय करावं यावर पण बोलूया मग. आमच्या बॅचच्या ग्रुपवर गेलं वर्षभर एकच वाद चालू आहे, जमलेल्या पैशातून कमान बांधायची का. मोठी, ग्रॅनाईटची, बॅचचं नाव कोरलेली. मी म्हणतोय प्रयोगशाळा करा, आमच्या वेळचा ब्युरेट अजून तोच आहे, तुटका. पण प्रयोगशाळा रस्त्यावरून दिसत नाही ना.

शेवटचाबाक
कमान नको. आमच्या बॅचने दहावीच्या पोरांसाठी रात्रअभ्यासिका चालू केली. इन्व्हर्टर, चार ट्यूबलाईट, बाकं दुरुस्त, आणि गावातलाच एक एमएस्सी झालेला पोरगा संध्याकाळी बसतो, त्याला मानधन. पूर्वी आमचे सर स्वतः शाळेतच मुक्कामी राहून जादा तास घ्यायचे, पहाटे उठवायचे, जो पेंगेल त्याला हौदावर तोंड धुवायला पाठवायचे, एक पैसा कधी घेतला नाही. तसे सर आता मिळणं अवघड पण अभ्यासिका तरी होऊ शकते.

रानजाई
अभ्यासिकेला मुली येतात का? रात्री घरी परत कशा जातात?

शेवटचाबाक
ताई, प्रश्न बरोबर आहे. मुलींची वेळ शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत ठेवलीय, मुलांची नंतर. आधी एकच वेळ होती तेव्हा मुली येत नव्हत्या.

पाटाचंपाणी
मूळ प्रश्नाकडं वळतो. निवडुंग यांचं म्हणणं रात्रभर डोक्यात होतं. वाद टाळण्याचा माझा मुद्दा मला आता तितका महत्त्वाचा वाटत नाही. माळरान, लिहा सगळं.

बाकी एक व्यावहारिक सूचना: पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे साक्षीदार आता नव्वदीच्या घरात. स्मरणिका उशिरा निघाली तरी चालेल पण माणसं आधी गाठा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. एकटं बसवून विचारू नका, दोघंतिघं एकत्र बसवा, एकाचं चुकलं की दुसरा "आरं तसं न्हवतं" म्हणतो आणि खरी गोष्ट बाहेर येते.

माळरान
मंडळी, तीन दिवसांत बरंच घडलं म्हणून सांगतो.

हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर समोर बसून बघू दिलं, फोटो नाही काढले. पहिल्या पानावरची मुलं बघितली, आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांची. पहिल्या काही वर्षांत एकही मुलगी नाही. मग एक नाव आलं. शिक्षकाची मुलगी, ते बदलून गेले तेव्हा ती पण गेली. गावातली म्हणावी अशी पहिली मुलगी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तिच्यापुढं शाळा सोडण्याचं कारण "एस.एस.सी. उत्तीर्ण". खडूफळा सर, तो रकाना वाचत आलो होतो म्हणून त्या ओळीशी थांबलोच. त्या आजी तालुक्याला लेकाकडं असतात, रविवारी जातोय. रानजाई ताई, तुम्हाला काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, मी त्यांना तुमच्या नावानं विचारतो.

खालच्या वस्तीतल्या आजोबांकडं गेलो. एक जण बोलले, एक जण म्हणाले "आता कशाला". बोलले त्यांनी सांगितलं की ओवरीत नाही, समोरच्या पिंपळाच्या पारावर बसायचे, आणि शाळेची स्वतःची इमारत झाली तेव्हा पहिल्यांदा छपराखाली सगळ्यांसोबत बसले. म्हणजे त्या दगडी इमारतीची किंमत त्यांच्यासाठी वेगळीच होती. त्यांनी छापायला हो म्हटलंय, वाचून दाखवल्यावर.

कमिटीत खडाजंगी झाली. शेवटी संदेशांना दोन पानं, अध्यक्षांचे फोटो सगळे एका पानावर, आणि उरलेलं सगळं माणसांना. धान्याच्या नोंदींचं प्रोसिडिंग मात्र शाळेत नाही. हेडमास्तर म्हणाले जुनी वही कुणीतरी संस्थेच्या ऑफिसला नेली होती.

खडूफळा
संस्थेच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं तर "बघतो" म्हणतील. अर्जात वर्ष लिहा आणि "स्थानिक स्कूल कमिटी सभावृत्तांत व कीर्द" असा स्पष्ट उल्लेख करा. पोच घ्या. आणि त्या वेळच्या सेक्रेटरींच्या घरी पण विचारा, जुनी माणसं एक प्रत स्वतःच्या ट्रंकेत ठेवायची.

गोदाकाठ
माळरान तुमचं बघून मी पण आमच्या प्रशालेत फोन केला. शाळा व्यवस्थापन समितीवर माझा वर्गमित्रच आहे. पहिली रजिस्टरं उर्दूत आहेत म्हणाला, कुणालाच वाचता येत नाहीत, कपाटात तशीच पडून. उर्दू वाचणारं कुणी आहे का इथं? जुनी हस्तलिखित लिपी आहे. औरंगाबाद, बीड, परभणी कुठलंही चालेल, येण्याजाण्याचं मी बघतो.

निवडुंग
गोदाकाठ, माझा एक मित्र परभणीचा आहे, त्याचे वडील निवृत्त उर्दू शिक्षक. तुमची विपू (विचारपूस, निरोपांची जागा) बघा, नंबर तिथं पाठवतो.